दुकानात गुण्यागोविंदाने, घरी मारामारी: टाकीत कोणता मासा कुणासोबत सोडावा?

दुकानातल्या टाकीत टायगर बार्ब, एंजल, गप्पी, मॉली, निऑन आणि बोटभर सकर असे सगळे मजेत एकत्र पोहत असतात. त्यातलेच दोन-दोन निवडून घरी आणले की आठवड्याभरात एंजलच्या लांब परांच्या चिंध्या होतात, गप्पीची शेपटी कुरतडलेली दिसते आणि निऑन मोजायला गेलं तर एक कमीच भरतो. दुकानदाराने फसवलं असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

दुकानात मासा आठवडा-दोन आठवड्यांचा पाहुणा असतो. वयाने लहान असतो, जागेवर हक्क सांगण्याइतका मोठा झालेला नसतो. शिवाय तिथे गर्दी असते. सकाळच्या विरार लोकलला दारात लोंबकळणारा माणूस खिडकीच्या जागेवरून भांडत नाही, भांडण सुरू होतं ते डबा निम्मा रिकामा झाल्यावर. घरच्या टाकीत मोजके मासे, एक दगडाची कपार आणि एक झुडूप असलं की ‘ही जागा कुणाची’ हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो.

वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र नांदतात अशा टाकीला कम्युनिटी टँक म्हणतात. त्यासाठी मासे निवडताना बहुतेक जण ‘शांत’ आणि ‘भांडखोर’ अशी यादी शोधतात. ती यादी शेवटी पाहायची असते. त्याआधी नळाला पाणी कसं येतं, ते वर्षभर किती तापतं, मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि त्याला स्वतःच्या जातीचे किती सोबती लागतात, हे याच क्रमाने पाहावं लागतं. बरीचशी ‘भांडणं’ खरं तर इथेच चुकलेली असतात.

आधी नळ, मग मासा

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते जड पाणी, कमी असले की मऊ. हा जडपणा ‘जीएच’ या अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पीएच सांगतो: ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. या लेखात पाण्याच्या रसायनशास्त्रातलं एवढंच लागेल.

याचा स्वभावाशी काय संबंध? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत राहतं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकत राहतात आणि कल्ले पाण्यातून क्षार ओढून घेतात. हा खटाटोप चोवीस तास चालतो आणि प्रत्येक जातीची त्याची घडण तिच्या मूळ पाण्यानुसार बसलेली असते. निऑन आणि कार्डिनल टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातले, तिथलं पाणी अतिशय मऊ आणि किंचित आम्ल. मॉली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, ती जड पाण्यात, अगदी खाडीच्या मचूळ पाण्यातही राहते. मऊ पाण्यात ठेवलेली मॉली काही आठवड्यांत पर मिटून एका जागी डुलायला लागते. लोक त्याला रोग समजून औषधं ओततात. अशी दुबळी मॉली टाकीत असली की बाकीचे तिला टोचतात आणि दोष त्यांच्या नावावर जातो.

मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून पाणी येतं, पुण्याला खडकवासला साखळीतून. दोन्ही मऊ. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा चांगलंच जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, यावरून ते घरबसल्या कळतं. मऊ पाण्यात टेट्रा, रासबोरा, कोरिडोरास, गौरामी आणि एंजल चांगले राहतात. जड पाणी मॉली, प्लेटी, स्वोर्डटेल आणि गप्पी यांचं. हा गप्पी म्हणजे महापालिका डासांसाठी विहिरीत सोडते तोच, फक्त शेपटीची निगा राखून वाढवलेला.

घरोघरी आरओ आल्यापासून टीडीएस मीटर सगळ्यांकडे असतो. पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. त्यात मिठासकट विरघळलेलं सगळंच मोजलं जातं. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर घोटाळा आणखी वाढतो. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि जडपणा मात्र नाहीसा होतो. ते पाणी मॉलीच्याही कामाचं नाही आणि निऑनच्याही नाही. थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहायचं जीएचचं किट घ्यावं, एक बाटली बरेच महिने पुरते.

पण हे मासे इथल्याच पाण्यात वाढलेले असतात ना?

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. बाजारातले बहुतेक निऑन, एंजल, गप्पी पिढ्यान् पिढ्या टाक्यांत पैदास केलेले असतात आणि पूर्वजांपेक्षा जास्त निभावून नेतात. पाणी मधल्या पट्ट्यात, म्हणजे जीएच ६ ते १० आणि पीएच ७ ते ७.५ असेल, तर निऑन आणि गप्पी एकत्र ठेवता येतात. निऑनची अंडी त्यात बहुधा फळणार नाहीत, पण घरच्या टाकीत ती अपेक्षाही नसते.

दोन टोकांना मात्र ही सवलत नाही. जीएच ३ मध्ये मॉली आणि जीएच २० मध्ये कार्डिनल हे काही महिन्यांचे पाहुणे ठरतात. आणि ‘इथलं पाणी’ म्हणजे अनेकदा कोलकात्याचं किंवा चेन्नईच्या कोळत्तूरचं, कारण देशातल्या शोभेच्या माशांचा मोठा वाटा त्या भागांतून येतो. तुमच्या बोअरशी त्याचा संबंध नसतो.

पीएच वाढवायची-उतरवायची पावडर टाकून पाणी माशाजोगं करायचा मोह टाळलेला बरा. जड पाण्यातला पीएच पावडरीने उतरतो आणि दोन दिवसांत परत चढतो. हे वर-खाली होणंच जास्त घातक. पाणी बदलायचंच असेल तर नळाचं आणि आरओचं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळावं आणि दर आठवड्याला तेच प्रमाण ठेवावं. निव्वळ आरओचं पाणी वापरू नये.

तापमान: आठ सोनेरी, एक काळा

आठ सोनेरी मासे आणि एक काळा अशी शुभ टाकी पुष्कळ घरांत असते. सोनेरी म्हणजे गोल्डफिश, आणि काळा म्हणून कित्येकदा ब्लॅक मॉली दिली जाते. श्रद्धेबद्दल इथे काही म्हणायचं नाही. पण गोल्डफिशला १८ ते २२ अंश मानवतात आणि मॉलीला २४ ते २८. दोघांपैकी एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय ठरलेलीच. काळाच हवा तर ब्लॅक मूर जातीचा गोल्डफिश घ्यावा, निदान घर तरी एक राहील. मात्र नऊ गोल्डफिशना चार-पाचशे लिटरची टाकी लागते. दोन फुटी टाकीचं ते काम नाही.

उष्णकटिबंधातले मासे म्हटले की सगळ्यांना ऊन सारखंच सोसतं असा समज असतो. निऑनला २० ते २६ अंश पुरतात. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल २८ सहज सोसतो, डिस्कसला तर २८-३० लागतातच. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३२-३३ वर जातं. तिथे निऑन घेण्यापेक्षा कार्डिनल, गप्पी किंवा एंजल बरे. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची गरज वाढते. म्हणून उन्हाळ्यात झाकण काढून वर जाळी घालावी आणि पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात उलट अडचण असते. तिथे लिटरमागे एक वॉट या हिशेबाने थर्मोस्टॅटचा हीटर लावावा आणि २५ अंशांवर ठेवावा. या तापमानाला बहुतेक जातींचं एकमत होतं.

तोंडात मावेल तो घास

माशाच्या जगात शत्रुत्व नसलं तरी भूक असतेच. रुपयाएवढा एंजल निऑनच्या थव्यात शोभून दिसतो. आठ-दहा महिन्यांनी तो तळहाताएवढा होतो आणि तीन सेंटिमीटरचा सडपातळ निऑन त्याच्या तोंडात बरोबर मावतो. यात विश्वासघात काही नाही, निसर्गातही तो छोटे मासे खातोच. एंजलसोबत काँगो टेट्रा, लेमन टेट्रा किंवा कोरिडोरास असे जरा भरलेल्या अंगाचे मासे ठेवावेत, आणि टाकीची उंची किमान दीड फूट असावी.

खरेदीच्या दिवशीचा आकार विसरून पूर्ण वाढीचा आकार विचारायची सवय लावली की निम्म्या चुका टळतात. तीन इंचांचा सिल्व्हर शार्क ३५ सेंटिमीटरचा होतो. बोटभर सकर ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. काळा शार्क म्हणून पंगासची पिल्लं विकली जातात, ती मीटरभर वाढणारी, खाण्यासाठी तळ्यांत पोसली जाणारी जात आहे. ही तिन्ही नावं तीन फुटी टाकीच्या यादीतून सरळ खोडावीत.

‘इंचाला चार लिटर’ हा हिशेब दुकानात हमखास सांगितला जातो. छोट्या, बारीक माशांपुरता तो चालतो, पुढे फसतो. लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं, आणि घाण वजनाच्या हिशेबात पडते. दहा इंची एक सकर आणि एक इंची दहा निऑन हे कागदावर सारखे असले तरी फिल्टरच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन-दोन घेतले की भांडण विकत घेतलं

जोडीजोडीने मासे घ्यायची आपली पद्धत थव्याने राहणाऱ्या जातींसाठी सगळ्यांत वाईट. टायगर बार्ब आठ-दहा असले तर दिवसभर एकमेकांतच पाठलाग करतात, वरचा-खालचा नंबर ठरवतात आणि बाकीच्यांकडे फारसं लक्ष देत नाहीत. दोनच असले तर तो सगळा जोर शेजाऱ्यावर निघतो. म्हणजे भांडखोर मासा संख्येने वाढवल्यावर टाकी शांत होते. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. अर्थात दहा असले तरी एंजल, गप्पी, फायटर अशा लांब परांच्या माशांसोबत ते नकोतच. सरपे टेट्रा आणि विडो टेट्राही याच पंक्तीतले.

निऑन, रासबोरा, झेब्रा डॅनियो आणि कोरिडोरास किमान सहा घ्यावेत, आठ-दहा तर उत्तम. दोन निऑन कुणाला चावत नाहीत, ते भेदरून झाडामागे बसतात, खात नाहीत, रंग उडतो आणि महिन्याभरात जातात.

पिल्लं देणाऱ्या जातींत, म्हणजे गप्पी, मॉली, प्लेटी, स्वोर्डटेलमध्ये, हिशेब वेगळा. नर सतत मादीच्या मागे लागतो, म्हणून एका नराला दोन-तीन माद्या. पण मादी साधारण महिन्याला विते, आणि एकदा फळली की नर नसतानाही पुढची काही वेतं देते. पिल्लं नको असतील तर फक्त नर गप्पी ठेवावेत, रंगही त्यांनाच असतात. प्लेटी आणि स्वोर्डटेल यांचा आपसात संकर होतो, तेव्हा दोघांपैकी एकच निवडावा.

फायटर म्हणजे बेट्टा. दोन नर एका टाकीत नकोत हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात येत नाही ते हे, की फायटरला रंगीत, पिसारेदार शेपटीचा नर गप्पीही आपल्याच जातीचा प्रतिस्पर्धी वाटू शकतो. बटू गौरामी हा तर त्याचा दूरचा भाऊबंदच, दोघेही पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे. लहान टाकीत या कुळातली एकच जात ठेवावी. थ्री स्पॉट गौरामी, ज्याला दुकानात निळा गौरामी म्हणतात, १२-१५ सेंटिमीटरचा होऊन दादागिरी करतो. मूळचा भारत-बांगलादेशातला हनी गौरामी त्या मानाने साधा, आणि माझ्या मते मऊ पाण्याच्या टाकीसाठी सगळ्यांत चांगला ‘मुख्य’ मासा.

सकर घाण साफ करतो, मग तो हवाच ना?

नको. सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो तेही लहानपणी. त्याची स्वतःची विष्ठा टाकीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असते आणि विष्ठा तर कुठलाच मासा साफ करत नाही. गोल्डन सकर या नावाने मिळणारा चायनीज अल्गी ईटर त्याहून वाईट. मोठा झाला की शेवाळ सोडून रुंद, संथ माशांच्या अंगाला चिकटतो आणि वरचा चिकट थर खरवडतो. शेवाळासाठी मासा हवाच असेल तर १२ सेंटिमीटरच्या आत राहणारा ब्रिसलनोझ एक घ्यावा, सोबत ओंडक्याचा तुकडा आणि आठवड्याला काकडीची चकती.

कोरिडोरासही उरलंसुरलं खाऊन जगत नाहीत. दिवे मालवल्यावर त्यांना बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर वरचे मासे सगळं पळवतात. तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. मासा कुठल्या थरात चरतो हे तोंडावरून ओळखता येतं: वर वळलेलं तोंड पृष्ठभागाचं, समोर असलेलं मधल्या थराचं, खाली वळलेलं तळाचं. तिन्ही थर वापरले की तेवढ्याच पाण्यात खेटाखेट कमी होते.

मग नक्की काय सोडू?

आधी पाणी मोजा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर. ९० बाय ३८ बाय ४५ ची टाकी १५४ लिटरची होते, पण वाळू, दगड आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता १३० धरावेत. पाणी मऊ असेल तर यात १२ कार्डिनल, ८ हार्लेक्विन रासबोरा, ६ कोरिडोरास आणि हनी गौरामीची एक जोडी सुखाने राहते. पाणी जड असेल तर ८ नर गप्पी, प्लेटीचा एक नर आणि तीन माद्या, तळाला ६ ब्राँझ कोरिडोरास. जीएच १५ च्या वर असेल तर कोरिडोरासही वगळावेत. प्लेटीची पिल्लं वाढतील, म्हणून सुरुवातीला जागा मोकळी ठेवावी.

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी ५४ लिटरची, प्रत्यक्षात ४५. यात एक थवा आणि एक मुख्य मासा, एवढंच: ८ निऑन आणि एक हनी गौरामी, किंवा फक्त ६-७ नर गप्पी. टाकी रिकामी वाटते म्हणून भर घालण्यापेक्षा झाडं वाढवावीत.

सोडायचा क्रमही महत्त्वाचा

माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी विषारी नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत क्लोरिन घालवलेल्या पाण्यात फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावं, मासे सोडू नयेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार. जड पाण्यात आणखी सबुरी हवी, कारण पीएच ८ ला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या सुमारे दहापट असतो.

नवे मासे आधी २०-२५ लिटरच्या टबात, स्पंज फिल्टर लावून, किमान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत. मग सगळ्यांत भित्रा थवा पहिला, दोन आठवड्यांनी तळाचे मासे, आणि गौरामी, एंजल असे जागा धरणारे शेवटी. उलट केलं की आधी आलेला एंजल नंतरच्या प्रत्येकाला घुसखोर समजतो. पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवावी, अर्धा तास थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घालावं आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

पहिले दोन दिवस खाद्य टाकताना कोण पुढे येत नाही ते बघा. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च मारा, पुष्कळ छळ अंधारातच चालतो. रात्री निऑन फिका दिसला तर घाबरू नका, ते नैसर्गिक आहे. मिटलेले पर, फाटलेल्या कडा, हीटरमागे कोपऱ्यात उभा मासा ही खरी लक्षणं. दादागिरी करणाऱ्याला तीन-चार दिवस टबात हलवावं, तेवढ्यात टाकीतले दगड आणि झाडं वेगळ्या जागी मांडावीत आणि मग त्याला परत सोडावं. त्याची ठरलेली हद्द पुसली जाते आणि तोच नवखा होतो. एंजलची जोडी अंड्यांवर बसली असेल तर हा उपाय चालत नाही. तेव्हा टाकीत मधोमध जाळीचा पडदा लावावा किंवा जोडी वेगळी करावी.

जमलंच नाही तर?

मासा परत घेणार का, हे दुकानदाराला विकत घेतानाच विचारावं. बरेच जण बदल्यात खाद्य किंवा दुसरा मासा देतात. नदीत, तळ्यात किंवा विसर्जनाच्या हौदात मात्र सोडू नये. घरच्या टाक्यांतून आणि पैदास केंद्रांतून सुटलेले सकर आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत ठाण मांडून आहेत आणि उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, बाजारात त्यांना भाव मिळत नाही आणि काठाच्या मातीत बिळं करून ते तिथेच पैदास करतात. परत घेणारं कुणीच नसेल तर मोठी टाकी असलेला दुसरा हौशी माणूस शोधावा, आणि तो मिळेपर्यंत टबात रोज एक-चतुर्थांश पाणी बदलावं.